पडदे बांधलेली जीप

माझं पहिलं बाळ पोटात आडवं होतं, म्हणून बाळंतपणाला मला नगरच्या दवाखान्यात नेलं. तिथून सोडलं तेव्हा पौषातली थंडी होती आणि माहेरचं गाव पाथर्डीच्या पलीकडं. एस.टी.नं जाऊ, असं मी म्हणत होते. पण मामानं आपली जीप आणली. लष्कराच्या लिलावात घेतलेली, म्हातारी, खिळखिळी, आणि त्याला जिवापेक्षा लाडकी. तिला कुणी नावं ठेवलेली मामाला खपायची नाहीत.

आईनं जीपचा ताबाच घेतला. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, म्हणजे नाही! ताडपत्रीचे पडदे तिनं खाली ओढून सुतळीनं बांधले, फटींत फडकी कोंबली आणि मामाच्या पाठीमागं आडवी गोधडी टांगली. मामा पुढं उघड्यावर, आम्ही मायलेकी आणि बाळ मागं अंधारात. माझ्या कानांत कापूस, डोक्याला घट्ट फडकं, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. "आई, श्वास तरी घेऊ दे की," मी म्हणाले. "घे की, कोण नको म्हणतंय," असं म्हणून तिनं आणखी एक फट बुजवली.

त्या साली दुष्काळी कामांवर जिकडंतिकडं खडी फोडणं चाललं होतं. रस्त्याकडेला दगडांचे ढीग, मध्येच नुसती अंथरलेली खडी. करंजीचा घाट लागायच्या जरा आधी खालून खाडकन काहीतरी आदळलं आणि जीप अशी काही फटफटायला लागली की बाळ दचकून किंचाळलं. मामा उतरला, खाली वाकून बघून आला. सायलेन्सरचा पाइप मधोमध तुटला होता, आमच्या बुडाखालीच. "काय न्हाई झालं, नुसता आवाज करतीय ती," गोधडीआडून तो म्हणाला. "घरी गेल्यावर तारंनं आवळतो." झालं! निघाली स्वारी.

थोड्या वेळानं माझं कपाळ ठणकायला लागलं. मळमळायला लागलं. खालून धुराचा वास येत होता, तो नाकात बसला आणि मग येईनासाच झाला. आईला म्हटलं, जरा पडदा सोड. "अशक्तपणा हाय तो. ओली बाळंतीण तू, वारा लागला तर जलमभर भोगशील." तिची जीभ जड झाली होती. मग बाळाकडं वाकून ती हसली. "गाल बघ कसे लाल झालेत. ऊब लागली त्याला. किती शहाण्यावानी निजलंय."

घाटाच्या त्या वळणांत, कान किटवणाऱ्या त्या आवाजात एवढंसं पोर निजेल कसं? मी त्याचा गाल चिमटला. हललं नाही. छातीला लावलं, तोंड उघडलं नाही. "आई, अगं बघ ना!" आई डोळे मिटून पडद्याला टेकली होती. मी हलवलं, तर तिची मान खांद्यावर कलंडली.

मी मामाला हाका मारल्या. जीव खाऊन मारल्या. पण त्या मेल्या पाइपच्या भडभडाटात माझा आवाज मलाच ऐकू येईना. मामा हातभर अंतरावर, गोधडीपलीकडं मजेत गाडी हाकतोय, आणि इकडं आम्ही मरतोय! उठायला गेले तर पायांत त्राण नाही. सुतळी सोडायला हात नेला, तर बोटांना गाठच सापडेना. इतकी भीती मला पुढं कधी वाटली नाही, नवरा गेला तेव्हासुद्धा नाही. बाळाला एका हातानं छातीशी दाबलं आणि सगळं अंग त्या गोधडीवर टाकून दिलं. गोधडीची दोरी तुटली आणि मी मामाच्या पाठीवर जाऊन आदळले.

मामानं करकचून ब्रेक लावला. ओरडायला म्हणून वळला आणि आमचे चेहरे बघताच खाली उतरला. त्यानं मला ओढून रस्त्याकडेला बसवलं, मग आईला उचलून आणलं. घाटात बोचरं वारं सुटलं होतं. मी बाळाला हलवत होते, तळपायांना टिचक्या मारत होते, तोंडात फुंकत होते. "रड की रे मेल्या, रड!" आईला भडाभडा उलटी झाली. मामा एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं धावत "आता काय करू गं, काय करू," एवढंच म्हणत होता.

मग बाळाचे ओठ हलले. मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज निघाला.

आईनं तो ऐकला. तिला धड बसताही येत नव्हतं, डोळे उघडत नव्हते. तशीच ती जमिनीवरून सरकत आली आणि आपला पदर चाचपडत त्याच्या तोंडावर ओढायला लागली. "वारा लागंल गं त्याला."

मी तिचा हात झटकला. थट्टा मी तिची रोज करायचे, पण तिच्यापुढं आवाज कधी चढवला नव्हता. "लागू दे!" मी ओरडले. दुपटं सोडलं, टोपडं फेकलं, अंगावरची चिंधीन् चिंधी काढली आणि उघड्या पोराला वाऱ्यावर धरलं. आई हंबरडा फोडून माझ्याकडं झेपावली, मामानं तिला घट्ट धरून ठेवलं. आणि माझं पोर थंडीनं काकडत, हातपाय झाडत, टाहो फोडून रडायला लागलं.