कुंचीतलं अस्तर

शेवगावात लंकाबाईंच्या घरी बाळाची कुंची कोऱ्या कापडाची शिवत नाहीत. आत जुन्या लुगड्याचं वीतभर अस्तर लागतंच. लुगडं भागिरथीचं, म्हणजे लंकाबाईंच्या सासऱ्यांच्या आजीचं, लग्नातलं. हिरवं, तांबड्या काठाचं. तिची तीन पोरं दगावली. चौथ्याला त्या लुगड्यात गुंडाळलं आणि तो जगला. तेव्हापासून सव्वाशे वर्षं घरातल्या प्रत्येक पोरासाठी त्याला कात्री लागत गेली. लुगडं नऊवारी खरं, पण पुरून पुरून किती पुरणार?

आता नातू प्रशांतला मुलगी झाली. रविवारी बारसं. प्रशांत कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे त्याला घरातली पळीसुद्धा काचेत ठेवावीशी वाटते. ट्रंकेतला उरलेला हातभर तुकडा कापू नका, प्रदर्शनात मांडू, खाली भागिरथीचं नाव लिहू, असा त्याचा हट्ट. त्याची बायको आरती मात्र अस्तरावाचून बारसं करायला तयार नव्हती. शेवटी दोघांनी निवाडा आजीवर सोपवला.

लंकाबाई ट्रंकेपुढे नुसत्याच बसून राहिल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि ही मूठ त्यांनी छप्पन्न वर्षं झाकली होती. पण खोट्या कापडाखाली भागिरथीचं नाव? ते काही त्यांच्याच्यानं होईना.

"त्ये भागिरथीचं न्हाई," त्या म्हणाल्या. "माझी पयली लेक एकवीस दिसांची हुती. अस्तराची कुंची घालूनबी गेली. मातीत ठिवायला नेत हुते, तवा वाटलं, तिला थंडी वाजंल. हुतं तेवढं लुगडं तिच्याभवती गुंडाळलं. त्याच्या जागी ट्रंकेत ठिवला त्यो ह्यो तुकडा, माझ्या लग्नातल्या तसल्याच हिरव्या लुगड्याचा हाय."

तेव्हा सासूच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिनं तुकडा चाचपला, घडी घालून ट्रंकेत ठेवला आणि मरेपर्यंत ब्र काढला नाही. पुढे त्यातूनच प्रशांतच्या वडिलांच्या, आत्याच्या, खुद्द प्रशांतच्या कुंचीला अस्तर लागलं. सगळे जगले.

प्रशांतनं प्रदर्शनाचा नाद सोडला. मांडायला आता भागिरथीचं एक सूतही उरलं नव्हतं. आरतीनं उठून आजीच्या हातात कात्री दिली.

"मग तुमचंच लावा, आजी. आणि त्या बाळाचं नाव काय होतं?"

"सविता," लंकाबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि वीत मोजून कापड कापलं.