नऊ वारांतला पाऊण वार

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभ्या जन्मात एकही लुगडं घडी उलगडल्याशिवाय घेतलं नाही. सोलापुरात त्यांचं लुगड्यांचं दुकान. विणकरानं कितीही शपथा घेतल्या तरी नऊच्या नऊ वार गादीवर पसरायला लावायचे. "वरची घडी सगळेच चांगली ठेवत्यात की," म्हणायचे.

आणि असा माणूस एका कागदाला भुलला!

मंदीचे दिवस होते. आमच्या पेठेतल्या बँकेचे शेअर आप्पांनी घेतले होते; बँक निघाली तेव्हा दारोदार हिंडून इतरांनाही घ्यायला लावले होते. त्या शेअरचा उतरता भाव एका दलालानं मोठ्या कागदावर काढून आपल्या दुकानाबाहेर टांगला. लाल रेघ वरच्या कोपऱ्यातून जी सुटली ती थेट खालच्या कोपऱ्यात. शंभराचा शेअर हा गृहस्थ साठाला घ्यायला तयार, वर उपकाराची भाषा.

"बँक बुडाली," आप्पा घरी येऊन मटकन बसले. "उद्या समदे शेअर देऊन टाकतो. रेघ पार तळाला गेलीय."

मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. आप्पांना त्याची लाज वाटायची. कुणी विचारलं तर "शाळंत असतो" एवढंच सांगायचे, आणि मला, "रेघोट्या मारून पोट भरतं व्हय?" त्या दिवशी मी तडक जाऊन तो कागद पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. कडेला बारीक आकडे होते. वर शंभर, आणि तळाला शून्य नव्हे, ब्याण्णव! त्याखालचं सगळं छाटून त्या लबाडानं आठ रुपयांची उतरण कागदभर ताणली होती.

घरी सांगितलं तर आप्पा उसळले, "तू मला येपार शिकवू नगंस!" मग मीही हट्टाला पेटलो. दुकानातलं एक कोरं लुगडं उचललं आणि त्यांना जवळजवळ ओढतच दलालाच्या दारात नेलं. एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं धरून मागं मागं सरत भर रस्त्यात नऊ वार उलगडले. बघ्यांची ही गर्दी!

"आप्पा, हे सगळं लुगडं म्हणजे शंभर. त्यातलं गेलं किती?" मी माझ्याकडचा पाऊण वार दुमडला. "एवढंच! आणि ह्यानं कागदावर तेवढाच तुकडा दाखवला. बाकीचं लुगडं दडवलं!"

आप्पा आधी माझ्या हाताकडे, मग कागदाकडे बघत राहिले. "यप्पा! घडी उलगडलीच न्हाय की मी!" आणि दलालावर गरजले, "काठाशी जरा फाटलं म्हणून सबंध लुगडं चिंध्यांच्या भावात मागतोस व्हय रं?"

रस्ताभर हशा पिकला. शेअर विकायला आलेले दोघंतिघं आल्या पावली परतले. दलालानं कागद गुंडाळला. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

गर्दीतल्या कुणीतरी आप्पांना विचारलं, "मालक, ह्यो कोन?"

"माझा ल्योक," आप्पा म्हणाले. मग लुगड्याचं टोक तसंच धरून, पेठेच्या पार टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात, "ड्रॉइंग मास्तर हाय!"