बोराडेबाईंचं वजन

दवाखान्यात वीस वर्षं काढली की माणूस औषधांची नावं विसरतो, पण कोण काय बोललं ते विसरत नाही. नाशकात रविवार कारंजाजवळ परांजपे डॉक्टरांच्या दवाखान्यात मी केसपेपर काढायची, वजन घ्यायची, रक्त काढायची, सुया उकळायची. ऐंशी सालच्या आगेमागेचे ते दिवस. किस्से काही मुद्दाम जपले नाहीत, आपोआप साचत गेले. आणि माझ्याकडचे निम्मे तरी एकाच बाईचे निघतील! सायखेड्याच्या प्राथमिक शाळेतल्या बोराडेबाई. आज बाई नाहीत, डॉक्टरही नाहीत. दोघांशी बोलावंसं वाटतं अधूनमधून. ते आता कुठलं जमायला? म्हणून तुम्हाला सांगते.

*

पहिल्यांदा आल्या तेव्हा मी म्हटलं, "बाई, काट्यावर उभ्या राहा."

बाईंनी चपला काढल्या. घड्याळ काढलं. पर्स माझ्या हातात दिली. मग मागे हात नेऊन अंबाड्यातला गजरासुद्धा काढला!

"अहो, गजऱ्याचं काय वजन?" मी हसले.

"असू दे गं. आपल्या बाजूनं होईल तेवढं करावं!"

आमच्या काट्याची धाव एकशेवीस किलोपर्यंत. मी शेवटचं वजन शेवटच्या खाचेत सरकवलं, तरी दांडी वरच अडकलेली. बाई सरळ समोरच्या भिंतीकडे बघत उभ्या. मी म्हटलं, "काटा बिघडलाय वाटतं."

"सुनंदा," केसपेपरवरच्या सहीत माझं नाव वाचून त्या म्हणाल्या, "काटा चांगलाय. त्याला कशाला नावं ठेवतेस?"

*

डॉक्टरांना नेमका आकडा हवा होता. बाईंचा भाऊ विंचूरला कांदा न्यायचा, म्हणून बाई एक दिवस त्याच्याबरोबर ट्रॅक्टरमधून मार्केटात गेल्या. तिथे गोण्या तोलायचा मोठा काटा. मापाऱ्याची रीत अशी की वजन झालं की खड्या आवाजात पुकारायचं, सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असं.

बाई काट्यावर चढल्या. आजूबाजूला हमाल, शेतकरी, व्यापारी. मापाऱ्यानं आकडा बघितला, बाईंकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "बाई, माझ्या पोराला तुमीच अक्षरं शिकवली. म्या न्हाई पुकारणार."

कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून त्यानं घडी घातली आणि बाईंच्या हातात दिली. ती घडी बाईंनी तशीच, न उघडता, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. एकशे बत्तीस!

*

डॉक्टरांनी बाईंचा गळा चाचपला, सुजलेल्या पापण्या बघितल्या, थंडी फार वाजते का, झोप फार येते का, विचारलं. मग थायरॉइडसाठी रक्त घ्यायला सांगितलं. तेव्हा ती तपासणी नाशकात होत नसे. रक्त बर्फात घालून मुंबईला जायचं आणि रिपोर्ट पंधरा दिवसांनी यायचा.

रिपोर्ट आला. थायरॉइड अगदी कमी काम करत होतं. बाईंनी तो दोनदा वाचला आणि एकदम रडायलाच लागल्या. मी घाबरले.

"अगं, आनंदानं रडतेय! अख्खं गाव म्हणतं, बाई डबे उपसते. मी खादाड नाही गं, आजारी आहे!"

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन हजर! डॉक्टरांनी पेढा उचलला आणि म्हणाले, "बाई, खोटी आशा नको. रोजच्या गोळीनं पाच-सात किलो उतरतील, मरगळ जाईल. पण बाकीचं वजन थायरॉइडचं नाही."

"मग कुणाचं?"

डॉक्टर पेढा हातात धरून बसले. "ते मलाही नीट माहीत नाही," म्हणाले.

इतक्या डॉक्टरांच्या गोष्टी ऐकल्या मी, पण असं उत्तर देणारा दुसरा ऐकला नाही.

*

दोन वर्षं गोळी झाली, उपास झाले, उकडलेल्या भाज्या झाल्या. सहा किलो उतरले, चार परत आले. गुडघे तर पार गेले. तेवढ्यात मुंबईचे एक सर्जन परदेशातून पोट लहान करायचं ऑपरेशन शिकून आल्याचं डॉक्टरांच्या कानावर आलं. अगदी नवीन प्रकार. धोका होताच. डॉक्टरांनी नवरा-बायकोला समोर बसवून एकेक गोष्ट सांगितली.

सर्जनना चिठ्ठी लिहिताना डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन का हवंय, ते तुमच्या शब्दांत सांगा."

मला वाटलं, बाई गुडघे म्हणतील, दम लागतो म्हणतील.

"मला जमिनीवर बसायचंय," त्या म्हणाल्या. "पहिलीची पोरं खाली बसतात आणि मी सहा वर्षं खुर्चीवर. त्यांच्या पाटीपर्यंत माझा हात पोचत नाही."

बाईंचे यजमान पाटबंधारे खात्यात क्लार्क. काटकुळा, मुखदुर्बळ माणूस. बाई बाहेर गेल्यावर मात्र दारातून परत आले.

"डॉक्टर, ती परत येईल ना? नाही म्हणजे... अशीच आली तरी चालेल."

*

ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. बाई परत आल्या, पण जेवण म्हणजे चार चमचे. पाचवा गेला की उलटी. सायखेड्याच्या लोकांचा यावर विश्वासच बसेना. "असं कसं? पोट काय शिवून घेत्यात व्हय?" बाई सांगायच्या, "घेत्यात बाबा, मी घेतलंय!"

मे महिन्यात मला घरी जेवायला बोलावलं. आमरस-पुरी. मला वाढून बाई समोर बसल्या. त्यांच्या वाटीत दोन चमचे रस. तो संपला. माझी वाटी काठोकाठ भरलेली. मला संकोच वाटून मी भराभर आटपायला लागले.

तर बाई म्हणाल्या, "हळू खा गं! मलाही पुरायला हवा!"

हसत म्हणाल्या. पण त्यांची नजर वाटीवरून हलत नव्हती. त्या दिवशी मी आयुष्यात खाल्ला नसेल इतका सावकाश रस खाल्ला.

*

जूनमध्ये पंचवीस किलो उतरले होते. घरचे खूश. पण बाईंचे हात थरथरायला लागले. छातीत धडधड, घाम, झोप नाही. ज्या बाईंनी कधी पोरांवर आवाज चढवला नाही, त्या नवऱ्यावर खेकसायला लागल्या. नणंद म्हणाली, "वजन झडतंय ना, मग होतंच असं." आणि सगळ्यांनी ते खरं धरलं.

डॉक्टरांनी नाडी धरली आणि त्यांचा चेहराच उतरला. "गोळी कुठली घेताय?"

"तुम्ही दिलेली. दोन वर्षांपूर्वीचीच."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "चुकलं माझं! एकशेतीस किलोच्या अंगाला लागणारी गोळी तुम्ही शंभराच्या अंगाला घेताय. मी ती कमी करायला हवी होती."

"घ्या!" बाई म्हणाल्या. "ब्लाऊज मी चारदा उसवून शिवले, गोळी तेवढी जुन्या मापाची राहिली!"

रक्त पुन्हा मुंबईला गेलं. डॉक्टरांचं बरोबर निघालं. गोळी कमी केली आणि तीन आठवड्यांत बाईंचे यजमान पेढे घेऊन आले. "आता खेकसत नाही," एवढंच म्हणाले.

*

पण बाईही बाईच! श्रावणात कुणीतरी सांगितलं, "गोळी कमी केली म्हणजे आजार बराच झाला की!" बाईंनी गोळी बंदच करून टाकली. महिन्याभरानं आल्या त्या शाल पांघरून, डोळे सुजलेले, बोलता बोलता पेंगणाऱ्या.

डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले असतील. "बाई, ऑपरेशन पोटाचं झालंय, गळ्याचं नाही!"

बाई खाली मान घालून म्हणाल्या, "मला वाटलं, एक तरी गोष्ट पूर्णपणे गेली असेल."

डॉक्टरांचा आवाज खाली आला. "गोळी अर्ध्यावर आलीय ना बाई? अर्ध्यावर तर आलीय."

गोळी पुन्हा सुरू झाली. मग एका सोमवारी, भरल्या वेटिंगरूममध्ये, बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि सरळ फरशीवर मांडी घातली. पेशंटांना वाटलं चक्कर आली, दोघं धावले. बाईंनी त्यांना हातानं थांबवलं. क्षणभर बसल्या आणि कुणाचा हात न धरता उठल्या.

डॉक्टर दारात उभे होते. चष्मा काढून पुसत राहिले, पुसतच राहिले. मग म्हणाले, "चला, पुढचा पेशंट!"

*

दसऱ्यानंतर, ऑपरेशनपासूनची रजा संपवून, बाई शाळेत रुजू झाल्या. नवीन रिपोर्ट आला होता. त्या शनिवारी दवाखाना बंद होता, म्हणून मीच एस.टी.नं सायखेड्याला घेऊन गेले. सकाळची शाळा नुकती सुटली होती. ऑक्टोबरचं ऊन, डांबर तापलेलं. बाई फाटकाशी उभ्या, आणि शाळेच्या पायरीवर एक मुलगी दप्तर घेऊन बसलेली. अनवाणी.

"ही चंद्री," बाई मला हळूच म्हणाल्या. "रुजू झाल्यापासून रोज अशी बसते. गेल्या वर्षी पहिलीत माझ्याच वर्गात होती. मी तीच आहे, हे काही तिला पटत नाही."

मी तिच्याजवळ गेले. "घरी नाही का जायचं?"

"आमच्या बाई यायच्या हायेत."

"अगं, ह्याच की त्या!"

तिनं बाईंकडे नीट बघितलं. "आवाज तसाच हाय. पन त्या नव्हं."

"कशावरून?"

"आमच्या बाई लय मोठ्या हुत्या. शाळा सुटली की रस्त्यानं मी त्यांच्या सावलीतनं चालायची. मळ्यापोत्तर. पाय भाजायचे नायत." मग जरा अपराधी होऊन म्हणाली, "ह्या बाई बी चांगल्या हायेत. पन ह्यांची सावली पुरत नाय."

मी बाईंकडे बघितलं. आता त्या हसतील, काहीतरी फर्मास बोलतील, असं वाटलं.

बाईंनी रिपोर्टचं पाकीट न उघडताच माझ्या हातात परत दिलं. डांबरी रस्त्यावर गेल्या, उन्हाच्या बाजूला उभ्या राहिल्या. खांद्यावरचा पदर सोडला, दोन्ही हातांत टोकं धरून हात लांबवता येतील तेवढे लांबवले आणि मागे वळून म्हणाल्या,

"चल गं, चंद्रे."