मांजराच्या मुखवट्यातली मैत्रीण

माझी मुलगी चौथीत असताना तिला एक मैत्रीण होती, जिला तिने कधी पाहिलेलं नव्हतं. टॅबवर घरं बांधायचा एक गेम होता, त्यात दोघी भेटायच्या. त्या मुलीच्या बाहुलीला निळ्या मांजराचा मुखवटा असे, म्हणून आमच्या घरात तिचं नावच मांजर पडलं. "आज मांजरने छत लावलं", "मांजरला ताप आलाय", असं जेवताना रोज कानावर यायचं. मी अंधेरीला ऑफिसात, नवरा गोरेगावला. शाळा सुटल्यावर बोरिवलीच्या घरात मुलगी आणि माझ्या सासूबाई, दोघीच. सासूबाईंची दुपारची झोप गाढ. मुलगी एका जागी शांत बसते, यातच मला बरं वाटायचं.

मग शाळेत पालकांची सभा झाली. मुलांशी गेममधून ओळख कोण काढतं, कसं काढतं, हे एका बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. घरी कोण आहे, राहतेस कुठे, असं कोणी विचारू लागलं तर सावध व्हा, म्हणाल्या. त्याच संध्याकाळी मी टॅब मांडीवर घेऊन मुलीचं चॅट वाचलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. ‘आत्ता घरी कोण आहे?’ ‘आजी झोपली का?’ ‘तुझ्या खिडकीतून काय दिसतं?’ ‘बिल्डिंगचा रंग कुठला?’

मी टॅब तिच्यासमोर धरला.

"अगं, ती आपली बिल्डिंग बांधतेय, माझ्यासाठी. म्हणून विचारते," मुलगी म्हणाली.

"तुला कसं माहीत ती मुलगी आहे?"

"मला माहितीये ना!"

नवरा म्हणाला, "थेट ब्लॉक नको करू. तिच्या आईशी बोलायचंय म्हणून लिही, खरं असेल तर फोन येईल." मला पटलं. मी मुलीच्या आयडीवरूनच लिहिलं, की मी हिची आई बोलतेय, तुझ्या आईला या नंबरवर फोन करायला सांग. खाली माझा नंबर दिला. दोन-तीन दिवस वाट पाहिली. फोन नाही, उत्तर नाही, आणि ती निळी बाहुली गेममध्ये फिरकलीही नाही. झालं, माझी खात्रीच पटली. मी ब्लॉक केलं आणि गेम काढून टाकला.

मुलगी खूप रडली. पोरीला रडवलं म्हणून सासूबाई मालवणीत माझ्यावरच चिडल्या. "चेडवाक कित्याक रडयलंस?" मी त्यांना समजावू लागले, तर म्हणाल्या, तुझं काय ते तूच बघ बाय. ऑफिसात मात्र मैत्रिणींनी माझी पाठ थोपटली. वेळेवर बघितलंस गं, नाहीतर वाट लागली असती.

बऱ्याच महिन्यांनी, मी मेट्रोतून उतरत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे एक बाई. म्हणाली, "तुम्ही खरंच आई आहात का?"

"कोणाची आई?"

"त्या गेममधल्या मुलीची."

मी जिन्याच्या कडेला उभी राहिले. ती मुलुंडची होती. एकटी कमावणारी, मुलगी शाळेतून आली की कुलूप उघडून घरात एकटीच बसायची. घरी कोण आहे, आजी झोपली का, हे मुलगी विचारायची ते आपल्यासारखीच तीही एकटी आहे का, हे बघायला. माझा मेसेज या बाईने पाहिला होता. कोणीतरी मोठं माणूस मुलांच्या गेममध्ये शिरून नंबर देतंय, फोन कर म्हणतंय. तिने घाबरून गेम डिलीट केला, आणि भावाला दाखवायला म्हणून स्क्रीनशॉट तेवढा ठेवला.

"मी पण तेच केलं असतं," मी म्हटलं.

"हो ना. पण तिचा वाढदिवस आला, आणि तिला दुसरं काहीच नकोय. तीच मैत्रीण पाहिजे म्हणते. म्हटलं, एकदा आवाज तरी ऐकू."

त्या रविवारी आम्ही जुहूला भेटलो. मी आधी व्हिडिओ कॉल करून घेतला, तिनेही मला माझ्या मुलीला समोर आणायला लावलं. आम्हा दोघींनाही त्याचं काही वाटलं नाही.

तिची मुलगी बारीक, चष्मेवाली. माझी माझ्या मागे लपलेली. आम्ही त्यांना गोळा घेऊन दिला, वाळूत बसवलं, जरा लांब जाऊन उभ्या राहिलो. बोलणं काही सुरू होईना. शेवटी चष्मेवालीने विचारलं, "तू मला ब्लॉक का केलंस?"

तिने नंतर शाळेतल्या कुणाच्या तरी टॅबवरून आपला आयडी उघडून हिला शोधलं होतं म्हणे. माझ्या मुलीने मान वर केली नाही. आईने केलं, असंही ती म्हणाली नाही.

मीच पुढे झाले. "अगं बाळा, मी केलं ते. काकूने. मला वाटलं, तू कोणीतरी मोठी आहेस."

"ओके काकू," ती म्हणाली. अगदी शहाण्यासारखं. मग ती गोळ्यातला बर्फ चमच्याने ढवळत राहिली.

पुन्हा भेटू, असं आम्ही दोघी आया म्हणालो. एकदा-दोनदा मी विचारलं, मुलुंडला जाऊया का गं? मुलगी म्हणाली, नको, परीक्षा आहे. परीक्षा नव्हती.

आज पुन्हा तसं चॅट वाचलं तरी मी गप्प बसणार नाही, हे मला माहीत आहे. पण त्या संध्याकाळी टॅब काढून घेण्याऐवजी मी मुलीशेजारी बसले असते, ती बिल्डिंग कुठवर आलीये दाखव म्हटलं असतं, तर काय बिघडलं असतं? दोन मजले झाले होते, असं मुलुंडची आई म्हणाली. आमच्या गॅलरीतल्या सासूबाईंच्या तुळशीसकट.

आता मुलगी सातवीत आहे. कोणाचा मेसेज आला की आपणहून आणून दाखवते, उत्तर देऊ का विचारते. नातेवाईक कौतुक करतात, किती समजूतदार आहे म्हणून. मी हसते. परवा वर्गातल्या एका मुलीने तिला ‘काय करतेस?’ एवढंच पाठवलं होतं. मी म्हटलं, "दे ना उत्तर, तुझीच मैत्रीण आहे." तिने फोन उपडा ठेवला आणि म्हणाली, "राहू दे."