आठ दिवसांच्या बोलीवर आणलेलं घड्याळ

दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीतही ह्यांनी मला एवढंच विचारलं, "यायला किती वेळ लागला?" रेल्वेचं फाटक बंद होतं, असं मी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली... दुसऱ्या दिवशी सकाळी दीर निरोप घेऊन दारात उभे राहिले. त्याला आता दीड महिना झाला.

हे पिंपरीच्या एका कारखान्यात कामाच्या वेळा काढत. कुठल्या कामगाराला एका नगाला किती मिनिटं लागतात, ते मोजून लिहायचं. कामगार चिडवत, "राव, पाणी प्यायला चाललोय, काटा थांबवा." घरी येऊन हे सांगत आणि स्वतःच हसत. चिंचवडला आम्ही बिऱ्हाड केलं त्या वर्षी पुण्याच्या ओळखीच्या दुकानदाराकडून त्यांनी एक स्विस घड्याळ आणलं, आठ दिवस वापरून पाहायच्या बोलीवर. त्याला दोन जादा बटणं होती. एक दाबलं की लांब काटा पळायचा, पुन्हा दाबलं की थांबायचा. दुसऱ्यानं तो जागेवर यायचा. तसल्या घड्याळांत ते स्वस्त होतं, म्हणून रोजच्या वापराला टिकेल का याची त्यांना शंका. सकाळी चावी देऊन ते कारखान्याच्या भोंग्याशी ताडून बघत. सायकलच्या धक्क्यांनी चुकतं का, सदऱ्याच्या बाहीत अडकतं का, घामानं काच धुरकटते का, सगळं पाहिलं. पळत्या काट्याची परीक्षा मात्र माझ्यावर झाली.

पहिल्या दिवशी विहिरीवर जाऊन यायला मला अकरा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या हौसाबाई लेकीच्या सासरचं सांगत बसल्या. घरात पाऊल टाकलं आणि बटण दाबल्याचा आवाज आला. "चौदा," हे म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं... तिसऱ्या दिवशी मी हौसाबाईंकडे न बघताच घागर उचलली. "नवरा श्वासबी मोजतोय व्हय गं?" त्या मागून म्हणाल्या. बाया हसल्या. मी दहा मिनिटांत घरी.

आठव्या दिवशी ह्यांनी घड्याळ माझ्यापुढे धरलं. "चांगलं चालतंय. ठेवू का परत करू? तू सांग." त्याआधी त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. परत करा, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "तुमच्या हातात शोभतं."

ते खरंही होतं.

मग भाकऱ्या, धुणं, माहेरी पत्र लिहायला लागणारा वेळ, सगळं मोजलं गेलं. मला मुदतीचा ताप आला तेव्हा त्याच घड्याळावर ते माझी नाडी मोजत. इतका वेळ माझा हात त्यांनी तेव्हाच धरला. म्हणून आता धड रागही धरता येत नाही.

तेराव्यानंतर दिरांनी विचारलं, "वहिनी, घड्याळ ठेवायचंय का तुम्हाला?" मी म्हटलं, "घेऊन जा." माझाच आवाज मला मोठा वाटला.

आम्हाला मूलबाळ नाही, वाणसामान मलाच आणावं लागतं. काल दुकानापाशी माहेरगावची एक बाई भेटली. तिनं हाताला धरून ओट्यावर बसवलं, माझ्या आईबद्दल सांगू लागली. मीच मध्ये म्हटलं, येते, उशीर झाला. भरभर चालत आले, कुलूप काढलं. खोलीत कुणी नव्हतं. तरी पिशवी हातात घेऊन मी उंबऱ्यातच थांबले, आकडा ऐकायला.