तेलविहिरीवर धाडलेली पत्रं

आमच्या संस्थानच्या महाराजांच्या पलटणीत जागा मिळाली नाही, म्हणून हे ब्रह्मदेशात तेलविहिरी खोदायच्या कामावर गेले. मी कन्याशाळेत चार इयत्ता शिकलेली. यांना मात्र अक्षरओळख नव्हती. माझं पत्र तिकडे कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि सगळी बराक ऐकायची. घर खायला उठतं, हे काय बराकीला सांगायचं? सात वर्षं मी ‘सर्व कुशल’ एवढंच लिहिलं. बाकीचं हे आल्यावर बोलायला ठेवलं.

हे परतले ते कान गमावून. विहिरीवरच्या मेल्या इंजिनांनी बहिरं केलं. आता मी शेजारी बसून हळू बोलले तर यांना ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगावं तर आमचा सगळा नागरवाडा ऐकतो.