जिन्यावरचा डबा

शाळेत शिस्तीची नवी पद्धत आली तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. इतकी वर्षं डोळे वटारून वर्ग गप्प केला, आणि आता म्हणे मुलांचं चुकतं ते नव्हे, जमतं ते बघायचं. प्रत्येकाला एक कार्ड. चांगलं वागलं की त्यावर चांदणी आणि कार्ड भरलं की मधल्या सुट्टीत माझ्या टेबलावर माझ्यासोबत डबा खायचा. हे बक्षीस मीच सुचवलं. आई गेल्यापासून खारीगावातल्या घरी मी एकटीच जेवते, त्यामुळे कुणासोबत तरी जेवणं हे मोठं बक्षीस आहे असं मला मनापासून वाटत होतं.

पाचवीचा माझा वर्ग खरंच सुधारला. निम्मी मुलं घरी गुजराती नाहीतर हिंदी बोलणारी, पण चांदणी सगळ्यांना कळते. एक मुलगी तेवढी हाताला लागत नव्हती. मोरवा गावची, कोळ्यांच्या घरातली, हुशार आणि तिखट. गुणी बाळासारखी वागून कार्ड भरत आणायची आणि शेवटच्या चांदणीच्या वेळी हमखास कुणाला तरी ढकलून द्यायची. मग मी चिडून कार्ड काढून घ्यायचे. शेवटी मुख्याध्यापिकांनी तिच्या आईला बोलावलं आणि आणखी एक तक्रार आली तर दिवाळीनंतर दुसरी शाळा बघा, असं तोंडीच सांगितलं. आई मासळीबाजारातून तशीच आली होती. ऐकून घेऊन ती तशीच बाजारात परत गेली.

शाळेत अधूनमधून एक समुपदेशक यायच्या. मला मुलगी असती तर तिच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, ही पोर काही मिळवायला भांडत नसेल, कशातून तरी सुटायला भांडत असेल, ते शोधा. मला रागच आला. माझ्यासोबत डबा खाण्यातून कोण कशाला सुटायला बघेल? पण तो प्रश्न घरापर्यंत सोबत आला आणि ताटावर बसल्यावरही उठेना.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिच्या मागोमाग गेले. गच्चीच्या दाराला कायम कुलूप असतं, त्यामुळे शेवटच्या जिन्यावर कुणी फिरकत नाही. तिथे ती एकटी भाकरी खात बसली होती. मला बघताच तिनं झाकण लावलं.

"टीचर, सुकट हाय," ती म्हणाली. "तुमच्या टेबलावर न्हाय चालणार. सगळी पोरं नाक धरतील."

डब्यात मासळी नको, असा नियम शाळेत कुठेही लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. मलाही होता. आमच्या इमारतीत शेजारणी एकदा वासावरून बोलल्या, तेव्हापासून मी घरात मासे करणं सोडलं होतं. आई शेवटपर्यंत मांदेलीची आठवण काढत होती, तरी मी केली नाही. आणि माझं ते प्रेमाचं बक्षीस म्हणजे या पोरीला भर वर्गात डबा उघडायला लावणं होतं. त्यापेक्षा शाळा सोडावी लागली तरी तिला चालणार होतं.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले, माझी भेंडी उघडली आणि तिच्याकडे थोडी सुकट मागितली. मी खरंच खाते की नाही ते तिनं आधी नीट बघून घेतलं, मग माझ्या झाकणात वाढली. कांदा, कोकम, सढळ हातानं घातलेलं तिखट. मला आईची आठवण आली आणि मी ती तिला सांगितलीसुद्धा.

तेव्हापासून तिचं बक्षीस वेगळं ठरलं. कार्ड भरलं की टीचर वर येणार. काही दिवसांनी कार्डाचं निमित्तही राहिलं नाही, मी रोजच जाऊ लागले. ती बाबांच्या होडीच्या, आईच्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायची, नकला करायची, आणि मी पोट धरून हसायचे. तक्रारी थांबल्या. दिवाळीनंतर ती त्याच बाकावर येऊन बसली तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

मग एकदा वर्गातली एक गुजराती मुलगी मला शोधत वर आली. "स्मेल तो है," म्हणाली, आणि तरीही थेपले घेऊन तिथेच बसली. पुढे ती रोज यायला लागली. समुपदेशक खूश झाल्या. आता तुमचा आधार हळूहळू काढून घ्या, म्हणाल्या, तोच या पद्धतीचा शेवटचा टप्पा. मी मान हलवली आणि मध्येमध्ये एखादा दिवस जायचं टाळू लागले. त्या दिवशी स्टाफरूममधून डबा अर्धा तसाच घरी यायचा.

एका सकाळी हजेरी झाल्यावर ती माझ्या टेबलाशी आली.

"टीचर, आता वर नका येऊ हां," ती म्हणाली. "आम्ही दोघी खाली वर्गातच बसतोय. कोण नाक धरत न्हाय आता."

मी तिला शाबासकी दिली आणि ती मनापासूनची होती. मधल्या सुट्टीत वर्गाच्या दारातून पाहिलं, तर दोघींची डोकी एका डब्यावर वाकली होती. मी माझा डबा घेऊन वर गेले आणि नेहमीच्या पायरीवर बसले. त्या सकाळी मी घराच्या खिडक्या सताड उघड्या ठेवून सुकट केली होती, आम्हा दोघींना पुरेल एवढी.